भागीचे गुडघे

ताई,

काल तुमचा तास मी घेतला. परीक्षेआधीचा, उजळणीचा. मेट्रनबाई तक्त्यावर त्याचं नाव ‘बालकांचे हृदयदोष व रक्तविकार’ असं लिहितात आणि तुम्ही त्याला ‘निळी पोरं, पांढरी पोरं’ म्हणायचात. तुमच्या खुर्चीत मी बसले नाही. आदर वगैरे म्हणून नव्हे. ती खुर्ची करकरते आणि मुली हसतात. तुमच्यापुढे हसायची कुणाची छाती नव्हती, माझ्यापुढे हसतील. तेव्हा उभ्यानेच घेतला. आणि अकरा वर्षं तुम्ही मला जे बोलू नकोस म्हणून दटावत आलात, ते त्या आठ मुलींसमोर बोलून टाकलं. आता रागवायचं असेल तर खुशाल रागवा. माझी तयारी आहे.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. कुणीतरी वर्तमानपत्रात चार ओळी छापून आणल्या. तळेगावचं घर, लहान वयात आलेलं वैधव्य, पुण्यातलं शिक्षण, लोणावळ्याच्या आपल्या या लहानशा इस्पितळातली सेवा, सगळं बरोबर होतं. फक्त त्यात तुम्ही कुठे दिसत नव्हतात. रुग्णाच्या खाटेपाशी जाण्याआधी खिडकीचा पडदा फर्रकन ओढणाऱ्या, मुलीने चुकीचं उत्तर दिलं की चष्मा काढून पदराने पुसत बसणाऱ्या यमुताई त्या चार ओळींत नव्हत्या. तो चष्मा पुसणं आम्हाला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. म्हणून मीच लिहायला बसले आहे, आणि तुम्हालाच लिहिते आहे. दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग?

मी तुमच्याकडे आले तेव्हा सतरा वर्षांची होते. तिकोणा गडाखालच्या पेठेतली शेतकऱ्याची पोर. काका रेल्वेत सांधेवाला, त्याच्याकडे लोणावळ्यात राहून सातवी झाले होते. नर्स व्हायचं म्हटल्यावर आई म्हणाली होती, “कुनाकुनाची घान काढनार हायेस तू? आन मंग तुला करून घेनार कोन?” तुमच्या घरच्यांनी तर तुम्हाला सोवळ्यातल्या पंगतीला बोलावणंच बंद केलं होतं, हे मला पुढे कळलं. त्याबद्दल तुम्ही कधी रडगाणं गायलं नाहीत. “बरं झालं, दर सणाला तळेगावला जायचा त्रास वाचला,” एवढंच एकदा म्हणालात आणि हसलात. पण त्या हसण्यानंतर तुम्ही खिडकीकडे बघत राहिलात, तेही मी पाहिलं.

पहिल्याच महिन्यात तुम्ही फळ्यावर हृदय काढलं. वरचे दोन कप्पे, खालचे दोन, मध्ये पडदा. पडद्याला भोक असलं तर काय होतं, असं विचारलंत. पुण्याकडच्या मुली खाली बघायला लागल्या. मी हात वर केला आणि माझ्या पेठेच्या बोलीत सुरू झाले, “ताई, आमच्यात भाताची खाचरं असत्यात. एका खाचरात निवळ पानी, दुसऱ्यात गढूळ. मधल्या बांधाला खेकड्यानं भोक पाडलं की दोन्ही पानी एक व्हतं. मंग निवळ खाचर बी निवळ ऱ्हात न्हाई.” वर्ग खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत. फळ्यावरचं हृदय पुसलंत, चार खाचरं काढलीत, बांध काढले आणि एका बांधावर खेकडासुद्धा काढलात. त्यानंतर दर वर्षी तुम्ही हृदयदोष असेच शिकवलेत आणि दर वर्षी सांगितलंत, “हे माझं नव्हे हं. हे चंद्रीचं.” मी वर्गात मागे बसलेली असायची आणि माझे कान गरम व्हायचे.

काल मीही खेकडा काढला. तुमच्यासारखा आला नाही, त्याला पाय जास्त झाले.

‘पांढऱ्या पोरां’चा भाग मला नेहमीच सोपा वाटला, कारण तो मी लहानपणापासून पाहिलेला होता. अनवाणी चिखलात उभी राहणारी, माती खाणारी, पोटं पुढे आलेली, चार पावलं चालली की धापणारी पोरं. आमच्या पेठेत त्यांना आळशी म्हणत. अनवाणी तळव्यांतून जंत शिरतात आणि आत बसून रक्त पितात, हे तुमच्याकडे कळलं, तेव्हा मला माझ्या धाकट्या भावाला मारलेल्या चापट्या आठवल्या. “चल की रं, किती बसतोस,” म्हणून मी त्याला मारलं होतं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “आता पुढच्या सुट्टीला जाशील तेव्हा चापटीऐवजी औषध घेऊन जा.” मी गेले. तो आज देहूरोडच्या डेपोत पोती उचलतो. त्याच्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही.

नागपंचमीची गंमत मी काल मुलींना सांगितली, तुमच्याच शब्दांत. आमच्या वर्गातल्या एकीने एका पोरीला तपासून चार्टवर लिहिलं होतं, ‘तळवे तांबडे, रक्त ठीक.’ तुम्ही जाऊन पाहिलंत तर पोर कागदासारखी पांढरी. आदल्या दिवशी नागपंचमी झाली होती आणि आईने मेंदी लावली होती! तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात, आणि म्हणालात, “श्रावणात तळवे बघू नका. पापणी उलटा, जीभ बघा, आणि उजेडात बघा. दिव्याखाली सगळेच तांबूस दिसतात.” तिसरी गोष्ट रक्त न थांबणाऱ्या मुलांची. दात पडला की चार दिवस तोंडातून रक्त, जरा आपटलं की गुडघा भोपळ्याएवढा. अशा मुलाच्या बापाची चौकशी नंतर करा, आधी विचारा, आईचा भाऊ कशाने गेला? हे दुखणं आईकडून मुलाला येतं, म्हणून मामावरून कळतं, असं तुम्ही सांगायचात आणि आम्ही वह्यांत लिहून घ्यायचो, ‘मामाला विचारणे.’ एक मुलगी तोंडी परीक्षेत “मामाला विचारणे” एवढंच म्हणून थांबली. परीक्षक गोंधळले. तुम्ही मात्र तिला खुणेने शाबासकी दिलीत.

आणि मग चौथी गोष्ट यायची. त्या गोष्टीला तुमचा आवाज जरा खाली यायचा. “माझ्या हातून एकदा एक चूक झाली,” असं म्हणून तुम्ही सुरुवात करायचात, आणि मी मागच्या बाकावर बसून जमिनीकडे बघायची.

ती चूक तुमची नव्हती. माझी होती.

भागी इंदुरीची. सहा वर्षांची असेल, पण चार वर्षांच्या पोरीएवढी. ओठ जांभळाच्या पाण्याने रंगवल्यासारखे, नखं तशीच, बोटांची टोकं फुगीर. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि तुम्हाला हळूच सांगितलं की जन्मापासूनचं आहे, इलाज नाही. काही दिवस ठेवू, ताप उतरला की पाठवू. तिची आई खाटेशेजारी जमिनीवर बसून असायची. भागीला एक सवय होती. दहा पावलं चालली की ती मध्येच उकिडवी बसायची, हातांनी गुडघे छातीशी धरून. खाटेवरसुद्धा तशीच. थोड्या वेळाने रंग जरा निवळायचा, मग उठायची.

आणि मेट्रनबाईंची सवय वेगळी होती. सकाळच्या फेरीच्या वेळी प्रत्येक पोर उताणं, पाय सरळ, चादर दोन्ही बाजूंनी खोचलेली. चादरीला सुरकुती नको. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, त्या वॉर्डात पहिल्यांदाच एकटी. मेट्रनबाईंची पावलं पायऱ्यांवर वाजली आणि भागी खाटेवर उकिडवी. नुकतीच रडून झाली होती, धापत होती. मी म्हटलं, नीज गं, नीज. ती ऐकेना. मी तिचे गुडघे धरले, दाबून सरळ केले आणि चादर घट्ट खोचली. तिची आई ओरडली, “बाई, बसू द्या तिला! तिला बसल्याबिगर दम घेता येत न्हाई हो!” मी तिलाच गप्प बसवलं. मेट्रनबाई दारात, आणि भागी चादरीखाली काळीनिळी पडली. डोळे वर गेले. मी तिथेच उभी. माझे हात चादरीवरच होते, तिला धरून.

तुम्ही कुठून आलात मला माहीत नाही. तुम्ही चादर उपसलीत, पोरीला कुशीवर घेतलंत, तिचे गुडघे तिच्या छातीला टेकवून घट्ट धरलेत आणि तिच्या आईला म्हणालात, “अशीच बसते ना ती? अशीच?” आई नुसती मान हलवत होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग ओठांचा काळेपणा उतरला, जांभळा राहिला, आणि भागीने एक मोठा श्वास घेऊन रडायला सुरुवात केली. इतकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. मीही रडायला लागले तर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “आधी पोरीकडे बघ. रडायचं ते नंतर, माझ्या खोलीत.”

मेट्रनबाईंनी विचारलं, “हिला असं कुणी निजवलं?” मी तोंड उघडलं होतं, ताई. खरंच उघडलं होतं. पण तुम्ही म्हणालात, “मी सांगितलं होतं सरळ निजवायला. माझी चूक.” मेट्रनबाईंनी तुम्हाला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. पांढऱ्या लुगड्यातल्या तुमच्यासारख्या बाईला वॉर्डातल्या आया आणि झाडूवाली यांच्यासमोर असं बोललेलं मला बघवेना. तरीही मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजवर जेवढी लाज वाटते, तेवढी त्या चुकीचीही वाटत नाही.

पुढे तुम्ही मेट्रनबाईंशी चार महिने भांडलात आणि त्या वॉर्डात नियम केलात: निळ्या पोराला त्याच्या मनाप्रमाणे बसू द्यायचं, चादरीला कितीही सुरकुत्या पडोत. तसं बसल्याने बरं का वाटतं, हे डॉक्टरांनाही नीट सांगता येत नव्हतं. “का ते पुढे कधीतरी कळेल,” तुम्ही म्हणायचात. “पण भागीला कळलं होतं आणि तिच्या आईला कळलं होतं. आपल्याला तेवढं पुरे. आईला आधी विचारायचं.” आणि दर वर्षी ती गोष्ट तुम्ही स्वतःवर घेऊन सांगत राहिलात. माझं शहाणपण माझ्या नावाने, आणि माझी चूक तुमच्या नावाने.

यावरून आपण किती भांडलो! दर वर्षी, उजळणीचा तास संपला की तुमच्या खोलीत, चहाच्या कपांवर. मी म्हणायची, मला सांगू द्या. तुम्ही म्हणायचात, “तू आता शिकवणार आहेस. मुलींनी तुझ्यावर विश्वास ठेवला पाहिजे. माझं काय, माझे केस पिकले. पिकल्या केसांना चूक शोभते.” मी म्हणायची, म्हणजे मुलींना वाटणार की चुका फक्त म्हाताऱ्या करतात. तुम्ही चष्मा काढायचात. “चंद्रे, एकोणीस वर्षांच्या पोरीला त्या दिवशी मेट्रनबाईंनी घरी पाठवलं असतं. तू परत तिकोण्याला जाऊन काय केलं असतंस? लग्न? आणि मला खेकडा कुणी शिकवला असता?” यावर मी जास्तच चिडायची. एकदा तर कप तसाच ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी दोन कप चहा ठेवलात. एक कालचा, म्हणालात.

गेल्या दिवाळीनंतर तुमचे पाय सुजायला लागले. वाकून माझ्या चपला शोधताना मला दिसले. मी विचारलंच नाही, सरळ खाली बसले आणि तुमच्या नडगीवर अंगठा दाबला, तुम्हीच शिकवला होतात तसा. काढला तर खड्डा तसाच राहिला. तुम्ही वरून म्हणालात, “बरोबर. सुजेचं कारण सांग, पाच मार्क.” मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला माहीत होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या छातीला कान लावला आणि स्वतःच्या छातीचं कुणाला कळू दिलं नाहीत. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं तर तुम्ही चार उशा मागे घेऊन बसून राहिलात आणि म्हणालात, “मलाही मनाप्रमाणे बसू द्या. नियम माझाच आहे.”

त्याच उशांवर टेकून तुम्ही ती बातमी ऐकलीत. डॉक्टरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, की अमेरिकेत निळ्या पोरांच्या छातीतल्या शिरा एकमेकींना जोडायला लागलेत, आणि ती पोरं गुलाबी होतात. तुम्ही डॉक्टरांना तो मजकूर दोनदा वाचायला लावलात. मग मला म्हणालात, “भागी आज सतरा वर्षांची असती.” मी म्हटलं, आपल्याकडे हे यायला किती वर्षं लागतील कोण जाणे. तुम्ही म्हणालात, “येईल गं. नक्की येईल. तोवर पोर टिकलं पाहिजे ना, ते काम आपलं.” तुमच्या आवाजात रडणं नव्हतं, ताई. तुम्ही खरोखर खुशीत होतात. मला तो आनंद समजायला वेळ लागला. मला त्या रात्री फक्त भागी आठवत होती.

तुम्ही गेलात आणि दहाव्या दिवशी इस्पितळाच्या फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पाटी, पाटीत तांदूळ. ओळखू आली नाही. म्हणाली, “मी भागीची आई. इंदुरीची. ताई गेल्या म्हून कळलं.” मी तिला तुमच्या खोलीत नेलं, रिकाम्या खाटेपाशी. ती खाली बसली आणि खाटेच्या पायाला हात लावून रडली. मग बोलायला लागली. भागी घरी गेल्यावर दोन वर्षं जगली. उठत बसत शाळेतसुद्धा गेली. मास्तरांना आईने सांगून ठेवलं होतं, पोरगी मदीच उकिडवी बसली तर छडी मारायची न्हाई, लोनावळ्याच्या ताईंचा हुकूम हाय. “दोन वर्सं लय व्हत्यात बाई, आईला,” ती म्हणाली.

मला राहवेना. मी विचारलं, त्या दिवशी तिचे गुडघे कुणी दाबले होते, आठवतं का तुम्हाला?

तिने माझ्याकडे पाहिलं. “म्हंजी? तुमीच की. मी तितंच न्हवते का बसले? ताई मला म्हनल्या व्हत्या, पोरगी नवी हाय, घाबरली, कुनापाशी बोलू नगा. मी न्हाई बोलले. माज्या पोरीला नंतर महिनाभर तुमीच भरवत व्हता, त्ये बी पाहिलंय म्या.” मग म्हणाली, “पर तुमी अजून त्येच धरून बसलाय व्हय?”

व्हय, मावशी. त्येच धरून बसले होते. मी तिला तसंच सांगितलं, माझ्या पेठेच्या बोलीत. तिने जाताना अर्धे तांदूळ तुमच्या नावाने इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दिले आणि अर्धे मला. माझ्या हातात पिशवी देऊन म्हणाली, “खावा. लय वाळलाय.”

तर काल तास घेतला. चार खाचरं झाली, खेकडा झाला, मेंदी झाली, मामा झाला. मग चौथ्या गोष्टीची वेळ आली. पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी आपणहून म्हणाली, “बाई, ही मला माहीत आहे. यमुताईंनी एकदा एका निळ्या मुलीचे पाय सरळ केले होते.” मी म्हटलं, नाही. यमुताईंनी नाही. मी केले होते. त्यांनी फक्त ते पुन्हा छातीशी घेतले. आणि मग सगळं सांगितलं. चादर, पावलं, आईचं ओरडणं, माझे हात. माझं गप्प बसणंही सांगितलं. आवाज कापला नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बोलताना हात फार हलवते ही.

कुणी हसलं नाही. मी पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची शेवंता उभी राहिली. तुम्ही तिला ओळखता. पवनेच्या काठची, उंच, कामाला वाघ, बोलायला घाबरट. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“बाई, तीन नंबरच्या पोराचा गुडघा...”

तीन नंबरला रक्त न थांबणारा मुलगा आहे, सात वर्षांचा, डेपोतल्या एका हमालाचा. गुडघा सुजून आला होता आणि उतरत चालला होता. पण काल सकाळी तो एकदम दुप्पट झाला. डॉक्टरांनी सकाळी सगळ्यांना विचारलं होतं, हा पडला का, कुणी उचलताना आपटला का? सगळ्या गप्प. शेवंताही गप्प.

“मी पहाटंला चोळला, बाई,” ती म्हणाली. “लय रडत व्हता. आमच्यात गुडघा सुजला की त्याल गरम करून चोळत्यात, मंग शेकत्यात. मला वाटलं, उतरंल. त्याच्या आजीला पन सांगून ठिवलंय मी, की दुपारी तुमी चोळा.”

दुपार झालीच होती. ताई, तुम्ही मला कधी पळताना पाहिलं नसेल. मी पळाले, शेवंता माझ्या मागे. आजी वाटीत तेल घेऊन खाटेपाशी बसली होती, बोटं तेलात बुडवलेली. शेवंताने तिचा हात वरच्यावर धरला. मी फळी मागवली, गुडघा हलणार नाही असा बांधला, विहिरीच्या गार पाण्याच्या घड्या ठेवायला लावल्या. आजीला समजावलं की आतली शीर फुटली आहे, चोळलं की आणखी फुटते, आणि रक्त जाऊन जाऊन सांधा कायमचा आखडतो. ती म्हणाली, “मला काय म्हाईत बाई, ही म्हनली म्हून.” ती शेवंताकडे रागाने बघत होती. शेवंता तिथेच गुडघ्यावर बसून घड्या बदलत होती. पोरगा तिला म्हणाला, गार गार बरं वाटतंय.

डॉक्टर आले. गुडघा बघितला, फळी बघितली, तेलाची वाटी बघितली. त्यांना सगळं कळलं. “कुणी चोळला हा?” त्यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे.

खोटं सांगत नाही, ताई. ‘मी’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तुमच्याकडून लागलेली सवय. पोर एकोणीस वर्षांची, तिला घरी पाठवलं तर ती पवनेकाठी जाऊन काय करणार, हे सगळं त्या एका क्षणात तुमच्याच आवाजात माझ्या कानात वाजलं. मी तोंड उघडलं. आणि माझ्याआधी शेवंता उभी राहिली. हात तेलकट, गालावर पाणी. “मी चोळला,” ती म्हणाली. “मला ठावं न्हवतं. आन सकाळी तुमी इचारलं तवा घाबरून सांगितलं न्हाई.”

मी नुसती तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, खांद्याला खांदा लागेल इतकी. डॉक्टरांनी दोघींकडे बघितलं. मग म्हणाले, “बरं झालं सांगितलंस. नाहीतर मी याला पू झाला समजून उद्या सुई घालणार होतो.” आणि शेवंतालाच त्या खाटेवर नेमून गेले.

आपला वाद तुम्ही जिंकलात की मी, ते मला ठरवता येत नाही. त्या दिवशी तुम्ही मध्ये पडला नसतात तर मी आज इथे नसते, हे कबूल. अकरा वर्षं मी तुमच्याशी भांडले, पण तुमचे आभार कधी मानले नाहीत. ते आज मानते. पण एक गोष्ट मात्र तुम्हाला ऐकावी लागेल, ताई, चष्मा न काढता. शेवंता बोलली. एकोणीस वर्षांची, घाबरट, सगळ्यांदेखत बोलली. मीही बोलले असते.

आज सकाळी त्या पोराचा गुडघा दोन बोटं उतरला होता. शेवंता त्याच्या खाटेपाशी बसून परीक्षेचं वाचत होती. मला बघून उभी राहायला लागली. मी म्हटलं, बस.

तुमची,
चंद्री